पहाटे ३.४० : एका गाण्याचे शेवटचे अठरा तास

हा घटनाक्रम एका प्रातिनिधिक रात्रीचा आहे. माणसं आणि प्रसंग रचलेले आहेत. यंत्रं, बिघाड आणि बिघाडांची कारणं मात्र घरगुती स्टुडिओत जशी असतात तशीच ठेवली आहेत. जागा : डोंबिवली पूर्वेला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरची दहा बाय दहाची खोली. दिवस : हरतालिका. दुसऱ्या दिवशी चतुर्थी, आणि सकाळी साडेसहाला मंडळाच्या साउंडवाल्याकडे यंदाचं गाणं पोचायला हवं. ते पोचलं नाही. का पोचलं नाही, याची ही तासवार नोंद.

सकाळी ९.४० (उरले १८ तास)

संगीतकार खोली लावतो. दारावर गोधडी, खिडकीच्या फटीत जुनी चादर, पंखा बंद. टेबलावर लॅपटॉप, दोन माइकचा ऑडिओ इंटरफेस, मिडी कीबोर्ड, दोन स्पीकर.

लॅपटॉपची आतली डिस्क २५६ जीबीची. सॉफ्टवेअर आणि वाद्यांचे सॅम्पल्स यांनी ती गच्च भरलेली, जेमतेम ३ जीबी मोकळे. म्हणून गाणं राहणार बाहेरच्या हार्ड डिस्कवर. डिस्क जुनी, फिरत्या चकतीची. मागच्या वर्षीचं सगळं पुसून ती आजच रिकामी केली आहे. तिची मांडणी एक्सफॅट पद्धतीची, कारण ढोल-ताशाचे ट्रॅक बांधून देणारा मित्र मॅक वापरतो आणि ही डिस्क दोन्हीकडे चालते. या सोयीची एक किंमत आहे. विंडोजच्या एनटीएफएस मांडणीत फाइलींच्या यादीतल्या प्रत्येक बदलाची आगाऊ नोंद ठेवली जाते. लिहिता लिहिता काही तुटलं तर ती नोंद वाचून घडी पुन्हा बसवता येते. एक्सफॅटमध्ये अशी नोंदवही नसते.

लॅपटॉपला यूएसबीची दोनच पोर्टं. एकात माउस. दुसऱ्यात चार तोंडांचा छोटा हब, स्वतःचा अॅडॉप्टर नसलेला. हबला इंटरफेस, डिस्क आणि कीबोर्ड. चौथं तोंड रिकामं.

यूएसबी ३ च्या एका पोर्टातून नियमाप्रमाणे ९०० मिलिअँपिअर वीज मिळते. स्वतःची वीज नसलेल्या हबनं तीच वाटून द्यायची असते. नियमाप्रमाणे प्रत्येक तोंडाला १५० च्या आसपास. असा इंटरफेस एकटाच चार-पाचशे मागू शकतो, आणि लिहिताना डिस्कही तेवढंच खेचते. तरीही सकाळी सगळं चालू होतं, कारण बरीच पोर्टं कागदावरच्या मर्यादेपेक्षा थोडं जास्त देतात. पण ते ‘थोडं जास्त’ किती, हे कुठे लिहिलेलं नसतं.

दुपारी १२.१५ (उरले १५ तास २५ मिनिटं)

ढोलकीवाले काका येऊन वाजवून गेले. माइक साधा डायनॅमिक होता. त्याला वेगळी वीज लागत नाही. चालीचा अंदाज यावा म्हणून संगीतकारानं स्वतःच्या आवाजात गाणं गाऊन ठेवलं आणि त्याची एमपीथ्री फाइल गायिकेला व्हॉट्सअॅपवर पाठवली.

सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी गाण्याची प्रत आपोआप जपून ठेवतंय. ताज्या दहा प्रती नेहमी हजर. त्या सगळ्या त्याच फोल्डरमध्ये, त्याच डिस्कवर.

दुपारी ३.१० (उरले १२ तास ३० मिनिटं)

गायिकेसाठी कंडेन्सर माइक लावला जातो. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. इंटरफेस ती हबकडून आलेल्या ५ व्होल्टमधूनच तयार करतो, म्हणजे त्याची भूक इथून वाढली. त्याकडे कुणाचं लक्ष नाही, कारण त्याच वेळी स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज यायला लागलाय.

हा आवाज म्हणजे घरातली वीजच. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची. तिच्या जोडीला १०० आणि १५० हर्ट्झचे सूर येतात. लॅपटॉपचा चार्जर एका भिंतीवर, स्पीकर दुसऱ्या भिंतीवर. दोघांचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटेनं जमिनीत जातं आणि ऑडिओ केबल त्यांना जोडून फेरा पूर्ण करते. उपाय सोपा : दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्यायचे आणि स्पीकरला बॅलन्स्ड केबल लावायची.

इंजिनिअरिंगला असलेला भाचा चार्जर काढून पाहतो. आवाज बंद.

“मामा, मिळालं! बॅटरीवरच चालवू.”

निदान बरोबर होतं. उपाय चुकला. बॅटरीवर गेल्याबरोबर विंडोज काटकसरीला लागतं. प्रोसेसरचा वेग उतरतो, आणि ज्या यूएसबी उपकरणाचं काम नाही असं वाटतं त्याला डुलकी घ्यायला लावलं जातं.

दुपारी ४.०० (उरले ११ तास ४० मिनिटं)

चरचर सुरू होते. मधेच टक्, मधेच अर्ध्या क्षणाची शांतता. संगणकाला ध्वनीचा पुढचा तुकडा वेळेत तयार करता येत नाही तेव्हा असंच होतं. कारणं दोन असू शकतात : प्रोसेसर मंदावला, किंवा इंटरफेसचीच वीज कमी पडली. इथे दोन्ही होती.

हब बाजूला करून इंटरफेस थेट लॅपटॉपला लावून पाहिला असता, तर दोन्ही कारणं वेगळी झाली असती. माउस काढला की पोर्ट मोकळं होतं. त्याऐवजी बफर १२८ वरून १०२४ वर नेला जातो. बफर म्हणजे संगणकाला मिळणारी सवड. ४४.१ किलोहर्ट्झवर १२८ नमुन्यांची सवड २.९ मिलिसेकंदांची, १०२४ ची २३.२. चरचर थांबते. दोघं चहा घेतात.

संध्याकाळी ६.२० (उरले ९ तास २० मिनिटं)

गायिका येते. हरतालिकेचा निर्जळी उपास आहे, पाण्याचा घोटही नाही. हेडफोन लावून पहिली ओळ गाते आणि थांबते.

“दादा, माझाच आवाज मला मागून ऐकू येतोय. कुणीतरी दुसरं म्हणतंय असं वाटतंय.”

आवाज आत जाताना २३ आणि बाहेर येताना २३, असा मिळून सुमारे ४६ मिलिसेकंदांचा उशीर. हवेत आवाजाला तेवढ्या वेळात जवळपास १६ मीटर जाता येतं. म्हणजे गायिका स्वतःला १६ मीटरवर उभ्या असलेल्या माणसासारखी ऐकतेय. तालात गाणं अशक्य.

यावरचा इलाज इंटरफेसच्या पुढ्यातच आहे. डायरेक्ट मॉनिटरचं बटण फिरवलं की माइकचा आवाज संगणकात न शिरता सरळ हेडफोनमध्ये येतो. मग बफर कितीही मोठा असला तरी बिघडत नाही. ते बटण सकाळपासून शून्यावर आहे. भाचा ड्रायव्हर बदलतो. इंटरफेसच्या कंपनीचा काढून, कुठल्याही यंत्रावर चालणारा सर्वसाधारण ड्रायव्हर टाकतो.

संध्याकाळी ७.०५ (उरले ८ तास ३५ मिनिटं)

उशीर कमी झाला. आता सूर चढलाय.

गाणं काळी चारमध्ये बांधलेलं. गायिका हार्मोनियमवर षड्ज शोधते : पांढरी सहा लावली तर ट्रॅक थोडा वर, काळी पाच लावली तर थोडा खाली. दोन्हींच्या मधोमध कुठेतरी. चार मिनिटांचं गाणं ३ मिनिटं ४० सेकंदांतच संपतंय.

अशी मधली पट्टी माणसाच्या चुकीनं सहसा लागत नाही. ती आकड्यांच्या चुकीनं लागते. गाणं सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबानं नोंदलेलं. नव्या ड्रायव्हरनं इंटरफेस ४८,००० वर ठेवला. तेच नमुने घाईनं वाजले, आणि सूर जवळपास दीड स्वर-पट्ट्यांनी वर सरकला. संगीतकाराच्या कानाला हे कळलं, कारण सापडायला मात्र सव्वा तास गेला. तोवर काकांची ढोलकी जास्त चढी लागली होती का, यावरही वाद होऊन गेला.

रात्री ८.३० (उरले ७ तास १० मिनिटं)

जुना ड्रायव्हर परत. नमुन्यांचा दर परत ४४.१. बफर २५६. बॅटरी संपत आल्यामुळे चार्जरही परत, आणि त्याच्याबरोबर घूंऽऽसुद्धा; ती “नंतर सॉफ्टवेअरनं काढू”.

दुपारी तीनपासून केलेला जवळजवळ प्रत्येक बदल आता उलटवला गेला आहे. कुठला बदल कशासाठी केला होता, कशानं काय सुधारलं, काय बिघडलं, याची एक ओळही कुणी लिहून ठेवलेली नाही. त्यामुळे साडेपाच तासांच्या खटपटीतून हाती लागलेलं ज्ञान शून्य.

दहापर्यंत गायिकेचे टेक होतात. घसा कोरडा असूनही अंतऱ्याचा तिसरा टेक असा लागतो की संगीतकार पुढचा मागत नाही.

रात्री १०.२६ (उरले ५ तास १४ मिनिटं)

गायिका दुसरा थर गाते आहे. सॉफ्टवेअर अचानक गोठतं, रेकॉर्डिंग थांबतं, आणि हेडफोनमध्ये दोन उतरते सूर ऐकू येतात : टुं-डुं.

यूएसबी उपकरण सुटल्यावर विंडोज हाच आवाज करतं. डिस्क एका क्षणासाठी गेली आणि परत आली. दिवसभरात यंत्रानं दिलेली ही सगळ्यात स्पष्ट खबर.

“हे नोटिफिकेशनचे आवाज आधी बंद कर रे,” संगीतकार म्हणतो.

भाचा विंडोजचे सगळे आवाज बंद करतो. एरवी स्टुडिओची ही चांगलीच सवय आहे. आज तिनं पहारेकऱ्याचं तोंड बांधलं. सॉफ्टवेअर गोठलं म्हणजे डिस्क संथ, असं समजून तो डिस्कच्या गुणधर्मांत जातो आणि ‘झटपट काढता येण्याजोगी’ ही निवड बदलून ‘जास्त वेगवान’ करतो. विंडोज १० च्या २०१८ च्या उत्तरार्धातल्या आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी पहिली निवड आपोआप असते, आणि त्याला कारण आहे. वेगवान निवडीत लिहायचा मजकूर आधी मेमरीत साठतो, मग सवडीनं डिस्कवर उतरतो. मधल्या काळात डिस्क सुटली, तर उतरायचं राहिलेलं सगळं जातं. फाइलींची यादीसुद्धा अर्धवट राहू शकते.

आता डिस्कला नोंदवही नाही, वीज पुरत नाही, आणि लिहिणं उधारीवर चालू आहे.

रात्री ११.१५ (उरले ४ तास २५ मिनिटं)

गायिका निघते. संगीतकाराला प्रत काढायची आठवण होते. फोल्डर ६ जीबीचा. लॅपटॉपवर जागा ३ जीबी. ड्रॉवरमधल्या पेनड्राइव्हवर ढोल-ताशाचे सॅम्पल्स, जागा २ जीबी.

“मावत नाही. सकाळी एकदमच घेऊ.”

सगळं मावत नव्हतं, हे खरं. पण २४ बिटचा एका माइकचा ट्रॅक मिनिटाला ८ एमबीसुद्धा घेत नाही. चार मिनिटांचा एक टेक ३२ एमबीचा. असे तीस टेक धरले तरी १ जीबीच्या आत. ढोलकी पुन्हा वाजवता येते, ढोल-ताशा मित्राकडून पुन्हा मागवता येतो. गायिकेचा गळा तेवढा परत मिळणारा नव्हता, आणि तो पेनड्राइव्हवर सहज मावत होता. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांच्या नावानं ओळखला जाणारा एक नियम आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. सगळ्याचा नियम पाळता येत नसेल तर मोलाच्या भागाचा तरी पाळावा. इथे सगळ्याचा जमत नाही म्हणून कशाचाच पाळला गेला नाही.

रात्री १.५० (उरले १ तास ५० मिनिटं)

कोरस. खालच्या मजल्यावर हरतालिकेचं जागरण चालू आहे. तिथल्या चार बायका मोरयाचा गजर द्यायला वर येतात. दोन कंडेन्सर माइक, दोन्हींना फँटम पॉवर. इंटरफेसची भूक आता दिवसातली सगळ्यात मोठी.

जागरणाच्या गाण्यांनी एका काकूंच्या मोबाइलची बॅटरी संपलेली.

“चार्जर आहे का रे?”

“इथे लावा ना काकू, एक जागा रिकामीच आहे.”

हबचं चौथं तोंड भरतं. कोरस उत्तम होतो. बायका खाली जातात; फोन चार्ज होत तिथेच राहतो.

पहाटे ३.१२ (उरली २८ मिनिटं)

मिक्स तयार. एक्स्पोर्टचं बटण दाबलं जातं. ४६ ट्रॅक एकाच वेळी वाचायचे, मिसळायचे आणि त्याच डिस्कवर नवी फाइल लिहायची. डिस्कवर दिवसभरात एवढा भार आला नव्हता. हिरवी पट्टी अर्ध्यापर्यंत पोचते आणि थांबते. फाइल सापडत नाही, असा संदेश. टुं-डुं झालं असणार. आवाज बंद आहेत.

केबल काढून पुन्हा लावली जाते. डिस्कचा दिवा लागतो, पण आत काही दिसत नाही. पडद्यावर विंडोजची चौकट : ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?

पहाटे ३.२० (उरली २० मिनिटं)

“फॉरमॅट केल्याशिवाय उघडणारच नाही म्हणतंय.”

“मग कर.”

ही चौकट प्रश्न विचारते, सल्ला देत नाही. तिचा खरा अर्थ एवढाच, की डिस्कवरची मांडणी आपल्याला वाचता येत नाही. आतला मजकूर अजून जागेवर असतो. बहुतेक वेळा अर्धवट राहिलेली यादी तेवढी तुटलेली असते. अठरा तास जागलेल्या माणसाला हे वाचता येत नाही. त्याला फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ दिसतं.

झटपट फॉरमॅटला काही सेकंद लागतात. डिस्क उघडते. रिकामी.

पहाटे ३.३१ (उरली ९ मिनिटं)

गाणं अजूनही गेलेलं नाही.

जुन्या फिरत्या डिस्कवर झटपट फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. पानं तशीच राहतात. वेव्ह फाइलच्या सुरुवातीला ‘आरआयएफएफ’ ही चार अक्षरं असतात. फाइली परत मिळवणारी सॉफ्टवेअर डिस्कभर तीच खूण शोधत जातात आणि तिथून पुढचा मजकूर उचलतात. नावं मिळत नाहीत, पण आवाज मिळतो. अट एकच : डिस्क जिथे आहे तिथे काढून ठेवायची आणि तिच्यावर एक अक्षरही नवं लिहायचं नाही.

साडेसहाला तीन तास उरलेत. संगीतकार हातात डोकं धरून बसलाय. भाचा धीर देतो : “मामा, निदान ढोल-ताशा आणि गजर तरी पुन्हा बांधू. ताई उठली की तिला बोलावू.” ढोल-ताशा पाठवणारा मित्र फोन उचलत नाही. पेनड्राइव्हवर सॅम्पल्स आहेत. पेनड्राइव्हवरून थेट संथ चालतील. डिस्कवर उतरवून घेतले तर बरं. डिस्क आता रिकामीच आहे.

पहाटे ३.४० (शून्य)

कॉपी सुरू होते. डिस्क सकाळी रिकामी केलेली होती, म्हणून गाणं तिच्या सुरुवातीच्या भागात लिहिलं गेलं होतं. नव्या फाइलीही तिथूनच बसत जातात. ढोलकी, मग सुरावट, मग संध्याकाळचे टेक, अंतऱ्याचा तो तिसरा टेक. ज्या क्रमानं गाणं घडलं, त्याच क्रमानं ते झाकलं जातं. यानंतर ते कुठलंच सॉफ्टवेअर परत देऊ शकत नाही.

त्यानंतर

साडेसहाला साउंडवाल्याकडे दुपारी सव्वाबाराची एमपीथ्री गेली : संगीतकाराच्या स्वतःच्या आवाजातली, चालीचा अंदाज यावा म्हणून गायलेली. बाप्पाच्या आगमनाला तीच वाजली. डिस्कमधून पुढे जेवढं परत मिळालं ते सगळं मध्यरात्रीनंतर लिहिलेलं होतं. कोरसचा गजर जसाच्या तसा आला. त्याच्या आधीचं गाणं नाही.

तपास

विंडोज स्वतःची रोजनिशी ठेवतं. ती इव्हेंट व्ह्यूअरमध्ये वाचता येते. अनपेक्षितपणे सुटलेल्या डिस्कची नोंद तिथे १५७ या क्रमांकानं होते. त्या रात्रीच्या तीन नोंदी सापडल्या : १०.२६, १२.४८ आणि ३.१२. मधली कुणाच्या लक्षातही आली नव्हती, कारण तोवर आवाज बंद केलेले होते.

त्या खोलीत मुळातले बिघाड दोनच होते. एक, अर्थिंगच्या फेऱ्यामुळे येणारी घूंऽऽ. ती त्रासदायक होती, धोकादायक नव्हती. दुसरा, एका हबवर लादलेली भूक. ती दिवसभर वाढत गेली : आधी एक कंडेन्सर, मग दोन, मग काकूंचा फोन, शेवटी ४६ ट्रॅकचा भार. बाकीचे बिघाड, म्हणजे मंदावलेला प्रोसेसर, हेडफोनमधला उशीर, चढलेला सूर, मुका झालेला इशारा, उधारीवरचं लिहिणं, हे सगळे उपायांनीच जन्माला घातले. प्रत्येक उपायानं समोरचं लक्षण खरोखर घालवलं, म्हणून तो बरोबर वाटला. लक्षण गेलं की शोध थांबतो. त्या रात्री तो दर तासाला थांबत गेला.

बिघाड शोधण्याचा क्रम याच्या उलट असतो. आधी वस्तू कमी करायच्या : हब काढायचा, इंटरफेस थेट लॅपटॉपला, बाकी काही नाही. चालतंय का, ऐकायचं. मग एक वस्तू जोडायची आणि पुन्हा ऐकायचं. एका वेळी एकच बदल, आणि तो वेळेसकट वहीत. बदलानं फरक पडला नाही तर तो परत फिरवूनच पुढे जायचं. डिस्कला लॅपटॉपचं स्वतंत्र पोर्ट द्यायचं, नाहीतर भिंतीवरून वीज घेणारा हब आणायचा. फोन कुणाचाही असो, तो भिंतीवरच्या चार्जरला. विंडोजनं फॉरमॅटचं विचारलं तर ‘नाही’ म्हणायचं, डिस्क काढायची आणि झोपायला जायचं.

यातली पहिली पायरी, हब काढून पाहण्याची, पाच मिनिटांची आहे. दुपारी चारला चरचर सुरू झाली तेव्हा चहाला त्याहून जास्त वेळ दिला गेला.